चोवीस गिनीपिग आणि एक पाडवा

जयपूरला जाऊन आले म्हटलं की लोक हवामहालाचं विचारतात. हवामहाल मी दोनदा पाहिला, दोन्ही वेळा बसच्या खिडकीतून, आणि दोन्ही वेळा मध्ये कोणाचं तरी गाठोडं होतं. राजवाडे, आरसेमहाल आणि मोजड्या यांची माहिती हवी असेल त्यांनी इथेच थांबावं. ती देणारे पुष्कळ आहेत. दोन खेपांत मिळून मी जयपूरला पंचाहत्तरएक दिवस राहिले. त्यातले बहुतेक दिवस चुन्याचा आणि ओल्या गवताचा वास येणाऱ्या एका लांबट खोलीत, चोवीस पांढऱ्या गिनीपिगांच्या पाठी बघण्यात गेले.

मी अकोल्याला कॉलेजात शिकवते. माझा विषय गजकर्ण. पाहुण्यांत हा विषय सांगितला की समोरचा माणूस नकळत आपला हात खाजवतो आणि मग साडीचा रंग छान आहे वगैरे बोलू लागतो. मला त्यातली एकच गोष्ट वर्षानुवर्षं छळत होती. गजकर्णाची बुरशी जिवंत कातडीत शिरत नाही. ती सगळ्यात वरच्या, मेलेल्या थरावर जगते, जो आपण रोज थोडाथोडा झाडून टाकतो. कातडी तिला मारायच्या भानगडीत फारशी पडत नाही. ती खालून नवे थर भराभर वर ढकलते, वरचा थर खपल्या होऊन गळतो आणि त्यावर बसलेली बुरशी त्याच्यासकट खाली पडते. शत्रूशी लढायचं नाही, त्याच्या पायाखालची जमीनच सोडून द्यायची. आता हाच आजार त्याच अंगाला दुसऱ्यांदा झाला तर कातडी हे काम जास्त लवकर करते का, आणि किती लवकर, हे मला मोजायचं होतं. आमच्याकडे जनावरं ठेवायला जागा नव्हती. जयपूरच्या एका संस्थेत होती, आणि तिथले माथुरसाहेब पत्राला उत्तर देणारे होते. एवढ्यावर मी निघाले.

पहिली खेप

अकोल्याहून लहान लाइनीची गाडी थेट जयपूरला जाते. थेट म्हणजे गाडी बदलावी लागत नाही इतकंच.

ती दिवाळीनंतरची गोष्ट. माझी मुलगी चिनू तेव्हा सात वर्षांची होती आणि मी तिला सोडून कधी दोन रात्रींपेक्षा जास्त राहिले नव्हते. प्लॅटफॉर्मवर तिने माझ्या पदराचं टोक असं धरलं की गाडी हलली तेव्हा खांद्यावरची पिन निघून आली. तिच्या बाबांनी तिला उचलून घेतलं. ती रडत होती ते मला खंडव्यापर्यंत ऐकू येत होतं, आणि खंडवा किती लांब आहे हे नकाशात बघून घ्यावं.

जयपुरात मी गजभियेंकडे उतरले. गजभियेभाऊ रेल्वेत, मूळचे नागपूरकडचे. त्यांची बहीण माझ्याच कॉलेजात आहे. रेल्वे क्वार्टरच्या दोन खोल्या, पुढच्या खोलीत बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, मागे पेरूचं झाड. वहिनींनी मला पहिल्याच दिवशी बाजरीची भाकरी वाढली आणि माफी मागितली. ज्वारी इथे मिळत नाही असं नाही, पण ती जनावरांसाठी मिळते, असं त्या म्हणाल्या, आणि दुकानदार विचारतो की घरी किती गाई आहेत. वहिनी सात वर्षं जयपुरात होत्या. मी विचारलं, आता करमतं का? त्या म्हणाल्या, "पहिले गावाहून पत्र नाही आलं का मी रडायची वो ताई. आता पत्र आलं का रडते."

त्यांची पिंकी दहा वर्षांची. ती माझ्या पेटीतली सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी उजेडाला धरून म्हणाली, "आंटी, मतलब तुम्ही उंदरांची डॉक्टर आहे का?" मी म्हणाले, उंदीर नव्हेत. ती म्हणाली, फिर क्या? तिचं मराठी असं अर्ध्यात हिंदीत उतरून जायचं. वहिनी तिला दर वाक्याला सुधारायच्या, आणि ती सुधारायला हिंदीतच नकार द्यायची.

संस्थेत माझी खरी ओळख झाली ती भंवरलालजींशी. जनावरघर त्यांच्या ताब्यात होतं. साठीचे, डोक्याला केशरी साफा, चेहऱ्यावर देवीचे खोल वण. त्या वणांमुळे ते सतत काहीतरी विचार करताहेत असं वाटायचं, आणि बहुतेक वेळा ते खरंही असायचं. त्यांनी मला पहिल्या दिवसापासून 'बाईसा' म्हटलं. तिकडे घरच्या लेकीबहिणींना असं म्हणतात. बाकी संस्था मला मॅडमजी म्हणायची.

गिनीपिग सगळे पांढरे, लाल डोळ्यांचे, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे. मी त्यांना नंबर दिले. भंवरलालजींनी नावं दिली. एक खाताना भिंतीकडे तोंड करायचा, तो ठाकूर. एक कोबीचं पान पंजाखाली दाबून ठेवायचा आणि मग दुसऱ्याचं मागायचा, तो मुनीम. एक कायम कोपऱ्यात तोंड लपवून बसायचा, ती बींदणी, म्हणजे नवी नवरी. बींदणी नर होता. मी हे लक्षात आणून दिलं तेव्हा ते म्हणाले की लाजेला काय नर आणि काय मादी.

पहिल्या खेपेला मी बारा जणांच्या डाव्या कुशीवरचे केस कातरून रुपयाएवढ्या जागेत बुरशी चोळली. आठवड्याने लाली आली, मग खपल्या, मग जागा घट्ट आणि कुरूप झाली. चौथ्या आठवड्यात ती आपोआप निवळली. केस पुन्हा आले आणि कुठे काय झालं होतं हे बोटांनी चाचपूनही कळेना. खूण राहत नाही, हे मी नोंदवहीत लिहिलं.

चाळिसाव्या दिवशी घरी आले. चिनू आठवडाभर माझा पदर मुठीत धरून झोपली.

दुसरी खेप

महाशिवरात्रीच्या सुमाराला पुन्हा निघाले. चिनूने विचारलं, "किती दिवस?" मी म्हणाले, पाडव्याच्या आत. गुढी आपण दोघी उभारू, गाठी तू बांधायचीस. तिने बोटांवर काहीतरी मोजलं, "बरं" म्हणाली आणि गाडी सुटायच्या आधीच बाबांकडे उसाच्या रसाची चौकशी करू लागली. डब्यातल्या एक बाई म्हणाल्या, किती समजूतदार मुलगी आहे. मी म्हणाले, हो ना.

तिच्या डाव्या हातावर, मनगटाच्या थोडं वर, गजकर्णाचं एक गोल उठलं होतं. शेजारच्या मांजरापासून आलं असावं. माझ्या कपड्यांवरून आलं असण्याची शक्यता मी कोणाला बोलून दाखवली नाही. मलम आणि सूचनांचा कागद कपाटात ठेवला. कागद तिच्या बाबांना उद्देशून होता, सात मुद्द्यांचा. त्यांनी वाचून विचारलं की याची परीक्षा कधी आहे.

बुरशी वाढवायला दोन आठवडे लागले. तोवर मला काम थोडं आणि वेळ फार. एका रविवारी वहिनी आणि पिंकीबरोबर आमेरच्या किल्ल्यावर गेले. हत्ती झूल पांघरून, सोंडेवर वेलबुट्टी काढून घेऊन, दिवसभर एकच चढ चढत आणि उतरत होते. वर बसलेल्यांना राजा झाल्यासारखं वाटत होतं आणि हत्तीला कसलंच काही वाटत नव्हतं. मी चिनूसाठी हत्तीचं पोस्टकार्ड घेतलं. तळ्याकाठी बसून लिहायला घेतलं तर तीन ओळींत तिला चारदा विचारलं होतं की माझी आठवण येते का. ते कार्ड फाडलं. दुसऱ्यावर हत्तीविषयी लिहिलं.

तिची पत्रं यायची, बाबांच्या पत्राच्या खालच्या रिकाम्या जागेत. पहिल्या खेपेला त्या जागेत एकच वाक्य असायचं, तू कधी येशील, आणि त्याखाली पेनाने फाटलेला कागद. आता मजकूर भरपूर होता. मांजरीला तीन पिल्लं झाली. मला गणितात पैकीच्या पैकी. आत्याने शेवया केल्या. मी पत्र उलटून बघायची, मागे काही लिहिलंय का. मागे पत्ता असायचा.

होळीच्या आदल्या दिवशी बुरशी चोळली. जुन्या बारांना उजव्या कुशीवर, म्हणजे त्यांची ही दुसरी वेळ. शिवाय बारा नवे, त्यांची पहिलीच. पिंजऱ्यांवर नंबरांची कार्डं लावली, आणि कार्डावर विसंबू नये म्हणून प्रत्येकाच्या मानेवर, मागच्या पुठ्ठ्यावर, कानामागे जांभळ्या, हिरव्या, पिवळ्या रंगाचे ठिपके दिले. कोणता ठिपका कुठे म्हणजे कोणता नंबर, हे वहीत. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

पाडव्याला पंधरा दिवस होते. जुने बारा लवकर बरे झाले तर ते बाराव्या-चौदाव्या दिवसापर्यंत दिसणार होतं. तेवढं बघून मी निघायचं, नव्यांची पुढची नोंद माथुरसाहेबांनी टपालाने पाठवायची, असं ठरलं. तिकीट काढून ठेवलं. गंमत म्हणजे तिकडे होळीच्या दुसऱ्या दिवसापासून चैत्र सुरू झाला होता. आमचा चैत्र अजून पंधरा दिवसांवर. एकाच महिन्यात ते आधी पोचले होते आणि मी मागे राहिले होते.

पाहुणे

चौथ्या दिवशी संस्थेत एक मोठे पाहुणे येणार असल्याची बातमी आली. किती मोठे ते कोणालाच नक्की माहीत नव्हतं, पण चुना लगेच सुरू झाला. आधी भिंती, मग झाडांची खोडं, मग झाडांखालचे दगड. कारभारी म्हणून एक गृहस्थ होते, त्यांनी मला बोलावून सांगितलं की दारात ओवाळायला पाच महिला लागतात आणि संस्थेत चारच आहेत. मी म्हणाले, माझ्या अंगाला गजकर्णाची बुरशी लागलेली असते. त्यांनी चार महिलांवर भागवायचं ठरवलं.

पाहुणे शीतला सप्तमीच्या दिवशी आले. मी तो दिवस शहरातल्या ग्रंथालयात काढला. भंवरलालजी आदल्या दिवशीच रजेवर गेले होते. सप्तमी-अष्टमीला चाकसूच्या टेकडीवर शीतलामातेची जत्रा भरते आणि ते दरवर्षी जातात. जाताना त्यांनी मला सांगितलं होतं की त्यांच्या गावची माणसं पायऱ्यांच्या डाव्या हाताला, कडुलिंबाखाली उतरतात. बाईसांनी यावं.

अष्टमीला संस्थेला सुट्टी. सकाळी मी खपल्या खरवडून घ्यायला जनावरघरात गेले.

चोवीस गिनीपिग पिंजऱ्यांत बसले होते, धुवून वाळत घातलेल्या चादरींसारखे पांढरेशुभ्र. मानेवर ठिपका नाही, पुठ्ठ्यावर नाही. पिंजऱ्यांना नवा हिरवा रंग. कार्डं नाहीत.

तिथे ड्यूटीवर असलेल्या माणसाकडून हळूहळू सगळं कळलं. सप्तमीला पहाटे कारभारी शेवटची पाहणी करायला आले. रंगीत ठिपक्यांची जनावरं बघून त्यांना वाटलं की नोकरांनी होळीला यांच्यावर रंग टाकला. एक आठवडा झाला आणि अजून कोणी धुतलं नाही! त्यांनी चार माणसं लावली, बादल्यांत कोमट पाणी आणि साबण आणला आणि चोवीसच्या चोवीस घासून काढले. रंग गेला. मग पिंजरे रंगवायचे म्हणून सगळ्यांना एका मोठ्या टबात ठेवलं, आणि रंग वाळल्यावर जो हाताला येईल तो परत पिंजऱ्यात. पाहुणे जनावरघरापर्यंत आलेच नाहीत. त्यांना उशीर झाला होता.

माथुरसाहेबांच्या घरी गेले. त्यांच्या घरी चूल पेटलेली नव्हती. त्या दिवशी तिकडे आदल्या दिवशीचं गारच खातात. त्यांनी मला गार पुरी आणि दही दिलं आणि शांतपणे म्हणाले की यात अवघड काय आहे. पाठी बघा. ज्यांच्या खपल्या सुटताहेत ते जुने, ज्यांची लाली अजून चढते आहे ते नवे.

माथुरसाहेब भले गृहस्थ आहेत. पण जुने लवकर बरे होतात का, हेच तर मी शोधायला आले होते. बरा झालेला तो जुना, असं म्हणून वाटणी केली तर उत्तर आधी लिहून मग गणित मांडल्यासारखं. मी तसं म्हणाले. त्यांनी हातातली पुरी परत ताटात ठेवली. मग म्हणाले, "ये तो सही है. तो फिर शुरू से करना पड़ेगा."

सुरुवातीपासून म्हणजे नवे बारा, एक महिना पहिली वेळ, मग मध्ये विश्रांती, मग दुसरी वेळ. तीन महिने. पाडवा, चिनूची परीक्षा, उन्हाळ्याची सुट्टी. आणि खरं सांगायचं तर मला परीक्षेची आणि सुट्टीची भीती नव्हती. मला भीती होती की मी पत्रात 'अजून तीन महिने' असं लिहीन, आणि ती 'बरं' म्हणेल.

चाकसू

क्वार्टरवर आले तर वहिनींनी विचारलं, "काऊन वो ताई, तोंड काऊन उतरलं?" मी सांगितलं. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, म्हणजे यांना वेगवेगळं ओळखणारा एकच माणूस आहे आणि तो जत्रेत आहे. एवढं साधं मला माथुरसाहेबांच्या घरापासून रेल्वे क्वार्टरपर्यंत सुचलं नव्हतं. गजभियेभाऊ म्हणाले, आपण देवीबिवी सगळं सोडलं, जत्रेत कशाला. वहिनी म्हणाल्या, आपल्याला देवीकडे कुठे जायचं आहे, साफावाल्याकडे जायचं आहे, आणि पायांत चपला घातल्या.

टोंक रोडच्या बसला त्या दिवशी आत आणि वर सारखीच माणसं होती. आम्ही आत होतो, म्हणजे वर जागा नव्हती. रस्त्याने बैलगाड्या, ट्रॅक्टर, उंटगाड्या, चालणाऱ्या बायकांच्या रांगा. डोक्यावर मडकी, मडक्यांत गार राबडी, म्हणजे ताकात शिजवलेलं बाजरीचं पीठ. सगळ्या ओढण्या लाल आणि पिवळ्या, आणि त्यात वहिनींची निळी नागपुरी साडी आणि माझी करडी. एका म्हातारीने माझ्या रिकाम्या कपाळाकडे, मग करड्या साडीकडे बघून विचारलं की घरी काय झालं. मी म्हणाले, काही नाही, आमच्याकडे असं नेसतात. तिला ते पटलं नाही. तिने मला गुळाचा तळलेला पुआ दिला.

आमच्याकडेही शीतला सप्तमी असते, श्रावणात. माझी आई आदल्या दिवशी स्वयंपाक करून चुलीला हळदकुंकू लावायची आणि सप्तमीला आम्ही सगळे गार दहीभात खायचो. लहानपणी मला तो दिवस आवडायचा, कारण आई दुपारी रिकामी असायची. आई रिकामी असणं हा वर्षातून एकदा येणारा सण होता. चिनूला असा एकही दिवस आठवत नसेल, हे मला पुआ खाताना सुचलं आणि तो घशात अडकला. वहिनींनी पाठीवर थापा मारल्या. म्हातारीने सांगितलं की माता आहे, हळू खा.

टेकडी लहान आहे, पण त्या दिवशी तिचा दगड दिसत नव्हता. पायऱ्यांच्या डाव्या हाताला लिंब होते, एक नव्हे तर अकरा. सातव्या लिंबाखाली भंवरलालजी सापडले. साफा काढून मांडीवर ठेवलेला, समोर द्रोणात राबडी. त्यांना मी पहिल्यांदाच बोडक्या डोक्याने पाहिलं, आणि तेही संकोचले. मी सांगायला लागले तशी त्यांनी एका हाताने साफा गुंडाळायला सुरुवात केली. 'साबण' शब्दाला हात थांबला.

"साबण?" ते म्हणाले. "बींदणीला पण?"

मी म्हणाले, सगळ्यांना.

साफा बांधून झाल्यावर त्यांनी आम्हाला आधी जेवायला बसवलं. मातेच्या दिवशी उपाशी परत पाठवत नाहीत. राबडी आंबट आणि गार होती, आणि इतक्या उन्हात इतकी चांगली गोष्ट मी त्या वर्षात खाल्ली नव्हती. वहिनींनी दोनदा घेतली. त्यांनी टेकडीकडे पाठ करून खाल्ली, तेवढं पथ्य पाळलं.

मी भंवरलालजींना विचारलं की माता आता येतच नाही, देवीचा रोगच गेला, तरी तुम्ही दरवर्षी का येता. ते म्हणाले, ते सहा वर्षांचे असताना माता आली होती. बहिणीला घेऊन गेली, त्यांना सोडून गेली.

"एक बार जिसको हाथ लगा दिया बाईसा, उसको दूसरी बार नहीं लगाती," ते म्हणाले. "पहचान रखती है."

मी ज्या गोष्टीसाठी दोन खेपा केल्या होत्या ती त्यांनी राबडी खाताखाता सांगितली होती. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, बिटिया कशी आहे. पहिल्या वेळी फार रडली होती ना? मी म्हणाले हो. आणि यावेळी? मी म्हणाले, यावेळी नाही रडली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि द्रोण खाली ठेवला. म्हणाले, चला, बस भरायच्या आधी निघू.

पट्ट्या

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोणालाही आत येऊ दिलं नाही. माथुरसाहेबांना तेवढं साक्षीदार म्हणून बसवलं. प्रत्येक गिनीपिगाच्या पाठीभोवती मी स्वतः बँडेजची पट्टी गुंडाळली, कुशीवरची जागा पूर्ण झाकेल अशी. लाली की खपली, काही दिसायला नको. मग एकेक करून टेबलावर ठेवायचा, समोर कोबीचं पान टाकायचं, आणि भंवरलालजींनी सांगायचं.

त्यांना पट्ट्या आवडल्या नाहीत. त्यांना वाटलं मी त्यांच्यावर संशय घेते आहे. मी म्हणाले, संशय माझ्यावर आहे, मला घरी जायची घाई आहे, म्हणून माझे डोळे बांधले आहेत. हे त्यांना पटलं.

पहिला टेबलावर आला आणि त्याने कोबी ओढून भिंतीकडे तोंड केलं. ठाकूर, जुना, नंबर चार. दुसऱ्याने पान दाबून ठेवलं आणि आमच्याकडे पाहिलं. माथुरसाहेबच म्हणाले, मुनीम. पुढचे इतके सोपे नव्हते. भंवरलालजी कोणाचा आवाज ऐकायचे, कोणाच्या नाकाखाली बोट धरायचे, एकाला त्यांनी नुसतं तळहातावर तोललं. मी नाव आणि नंबर लिहीत गेले. दोघांचे कान फाटके होते, ते माझ्या वहीत आधीपासून होतं. ते दोघे बरोबर निघाले. बींदणी टेबलावर येताच पट्टीसकट त्यांच्या बाहीत शिरली.

एकोणिसाव्याला ते थांबले. उचलला, फिरवला, कोबी दिला. त्याने इमानेइतबारे खाल्ला.

"हा आपला नाही," ते म्हणाले.

मी म्हणाले, नीट बघा. माथुरसाहेब म्हणाले, एखादा विसरला असाल. ते म्हणाले, विसरलो असतो तर विसरलो म्हणालो असतो. हा आपल्या घरातलाच नाही. तो त्यांनी बाजूला ठेवला आणि पुढचा मागितला.

सगळे संपल्यावर मी पिंजरे मागच्या खोलीत नेले, क्रम बदलला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या वेळीही तेवीस तेच. आणि दुसऱ्या वेळी तो आला तेव्हा त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

मग पट्ट्या सोडल्या. त्या एकाच्या कुशीवर केस कातरलेले होते, पण जागा कोरी, स्वच्छ, बुरशी कधी लागलीच नव्हती. सप्तमीला धुणाऱ्यांपैकी एकाने दुपारपर्यंत धीर केला आणि मग येऊन सांगितलं. एक जनावर साबणामुळे हातातून निसटलं आणि नालीत गेलं. चोवीस भरायला पाहिजेत म्हणून त्याने शेजारच्या खोलीतला एक आणला आणि इतरांसारखे केस कातरून ठेवला. भंवरलालजी त्याला रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, कोणत्या नालीत. गेलेला कोण होता ते त्यांना माहीत होतं. नवा, नंबर सतरा, नाव अजून ठेवायचं होतं.

पट्ट्या सोडून झाल्यावर मी दोन रांगा लावल्या, जुने आणि नवे, आणि मग पहिल्यांदा त्यांच्या पाठी पाहिल्या. पुढच्या पाच दिवसांत जुन्यांच्या खपल्या सुटून खाली पडल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या खपल्यांत बुरशीचे धागे खच्चून भरलेले असत, आणि खालची नवी कातडी कोरी. चौदाव्या दिवशी बारापैकी अकरा स्वच्छ होते. नव्यांची जागा अजून घट्ट, लाल, खाजरी. साबणाच्या दिवसाचा रकाना मी रिकामा ठेवला आणि कारण लिहिलं. माथुरसाहेब म्हणाले, कारणात होळी नका लिहू, कोणी विश्वास ठेवणार नाही.

त्या बाराव्याचं काय झालं ते मला अजून कळलेलं नाही. तो ठाकूर होता. दुसरी वेळ असूनही त्याची जागा नव्यांइतकीच सावकाश निवळली. माथुरसाहेब म्हणतात, एखादा असतो असा. भंवरलालजी म्हणाले की काही जण शिकत नाहीत. स्टेशनवर पोचवायला आले तेव्हा त्यांनी चिनूसाठी चाकसूच्या जत्रेतलं मातीचं शिट्टीवालं पाखरू दिलं, आणि वहिनींनी बाजरीचं पीठ. अकोल्यात बाजरी मिळते हे मी त्यांना सांगितलं नाही.

अकोला

पाडव्याला सकाळी साडेसातला मी दारात होते. गुढी उभारून झाली होती. काठीला रेशमी खण, कडुलिंबाचा डहाळा, वर तांब्या, थोडा कललेला. गाठी बांधलेली होती, दुहेरी गाठ मारून, खुर्चीवर चढून बांधल्यासारखी.

चिनू रांगोळी घालत होती. तिने वर पाहिलं.

"आलीस?" ती म्हणाली. "थांब, तिथे पाय नको देऊ."

मी उंबऱ्यापलीकडे थांबले. तिने ठिपके पूर्ण जोडले, हात झटकले, मग उठून आली आणि फ्रॉकची बाही वर सारून डावा हात माझ्यासमोर धरला.

"बघ. तू नव्हतीस तरी बरं झालं."

मी तिचा हात घेतला, उजेडाकडे वळवला आणि मनगटाच्या वरची जागा अंगठ्याने चाचपली. मग उलट बाजूने. तिने थोडा वेळ हात धरू दिला, मग म्हणाली, आई, सोड आता, रांगोळी राहिलीय. मी अजून शोधत होते. खूण कुठेच नव्हती.